मागच्या बाकावर बसून बघा एकदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या सोयीसुविधांवर तुमच्या पेपरात जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचते, पण खरं सांगू का, फोटो नेहमी बाहेरूनच काढलेला असतो. गेट, नवीन रंग दिलेली भिंत, फार तर कॉम्प्युटरची खोली. मागच्या बाकावर बसून फळ्याकडे बघत काढलेला फोटो मी तरी अजून पाहिला नाही आणि सगळी गोची तिथेच आहे असं माझं मत आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा.

मी सव्वीस वर्षं शिकवलं, आता रिटायर झालेय. शेवटची काही वर्षं एका नव्या कोऱ्या बिल्डिंगमधे होते, दिसायला एकदम झकास, गुळगुळीत टाइल्स, उंच छत, प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर, पाहुणे आले की आधी तिथेच फिरवायचे. तिथे गेल्यावर पहिल्याच वर्षी माझा घसा जो बसला तो पुढे धड सुटलाच नाही. डॉक्टर म्हणाले आवाज कमी वापरा. आता शिक्षकाला आवाज कमी वापरा म्हणजे सुताराला करवत कमी वापरा म्हणण्यासारखंच की हो! त्याच वर्षी श्रुतलेखनात एक गंमत दिसायला लागली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती, चिडचिड झाली होती. मी ‘बाग’ सांगितलं की मागची चार-पाच पोरं ‘भाग’ लिहायची, ‘गडी’चं ‘घडी’ करायची, आणि मी लाल पेनने गोल करून ‘लक्ष दे’ असा शेरा मारत बसायचे. मग एकदा दुसऱ्या बाईंचा तास बघायला मागे जाऊन बसले तेव्हा माझं मलाच कळेना. बाईंचा आवाज येत होता, चांगला मोठा येत होता, पण शब्द येत नव्हते. वर पंखा घरघरतोय, कोणीतरी खुर्ची सरकवली की फरशीवर कर्रर्र, आणि प्रत्येक वाक्याची शेपटी पुढच्या वाक्यात घुसलेली.

नंतर यावर जमेल तसं वाचलं. आपल्या बोलण्यात जोर असतो तो स्वरांना, व्यंजनं बारीक आणि क्षणभराची असतात, आणि ब की भ, ग की घ हे सगळं त्या क्षणभरात ठरतं. टाइल्स, काच आणि सिमेंटच्या खोलीत आवाज घुमत राहिला की आधीच्या अक्षराचा ‘आ’ पुढच्या व्यंजनावर पसरतो आणि ते खाऊन टाकतो. त्यात बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत जे पोचतं त्यात बाईंपेक्षा भिंतीच जास्त असतात. मोठ्या माणसाचं यामुळे अडत नाही कारण आपल्याला शब्द आधीच माहीत असतो, अर्धा ऐकला तरी उरलेला आपण भरून घेतो. पण जो शब्द मूल आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतंय तो त्याने भरायचा कुठून? आणि शाळा म्हणजे तरी दुसरं काय, पहिल्यांदा ऐकायच्या शब्दांचीच तर जागा. घरची भाषा वेगळी असलेलं पोर, कानाने जरा कमी असलेलं पोर, सर्दीने कानाला दडे बसलेलं पोर, ही तर आणखीच मागे पडतात आणि वर ‘लक्ष नाही’ हा शिक्का त्यांच्यावरच बसतो.

अमेरिकेत वर्गातल्या आवाजासाठी २००२ सालापासून एक मानक आहे, नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात आजूबाजूचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नको आणि घुमणं ०.६ सेकंदाच्या आत थांबायला हवं. ३५ डेसिबल म्हणजे लायब्ररीपेक्षाही शांत म्हणायला हरकत नाही. आमच्या वर्गात नुसता पंखा चालू केला तरी तो आकडा पार व्हायचा.

आणि हे सगळं बारीकसारीक कुरबुरी म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कची गोष्ट सांगते. मॅनहॅटनमधे एका शाळेच्या अगदी बाजूने उंचावरून रेल्वे जायची, दर चार-पाच मिनिटाला गाडी, तेवढा वेळ शिकवणं बंद. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एकाच शाळेतल्या दोन बाजूंच्या मुलांचं वाचन तपासलं, रुळाकडच्या वर्गातली आणि पलीकडच्या शांत बाजूची. सहावीपर्यंत पोचेतो रुळाकडची मुलं वाचनात जवळपास एक वर्ष मागे होती. हे १९७५ साली छापून आलं. त्यानंतर रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं आणि बाईंनी परत जाऊन तपासलं तर फरक गेला होता, ते १९८१ साली छापलं. बघा, शाळा तीच, पुस्तकं तीच, बदललं काय तर रबर आणि छत!

इंग्लंडमधे सॅलफर्ड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २७ शाळांतले १५३ वर्ग बघितले, तीन हजार सातशेच्या वर मुलं, आणि २०१५ साली सांगितलं की मुलामुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसतो त्यातला १६ टक्के वर्गाच्या खोलीमुळे पडतो, म्हणजे उजेड, हवा, तापमान, रंग, मांडणी वगैरे. मला त्यातलं जास्त आवडलं ते दुसरंच. अख्ख्या बिल्डिंगच्या गोष्टींचा त्यांना खोलीइतका परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्याचा फोटो छापतात त्याचा कमी आणि ज्याचा कोणी फोटो काढत नाही त्याचा जास्त.

हवेचंही तसंच. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो, चाळीस मुलं कोंबून खिडक्या लावल्या की तो बघता बघता हजाराच्या वर जातो. त्या वायूनेच डोकं जड होतं की तो फक्त हवा शिळी झाल्याची खूण आहे यावर जाणकारांत वाद आहे म्हणे, वर्गात जांभया देणाऱ्या पोराला त्याने काय फरक पडतो! खिडकी का लावतात तर बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून, म्हणजे कान वाचवायचे तर हवा जाते आणि हवा घ्यावी तर कान जातात, नकाशा काढणाऱ्याने आधी विचार केला नाही की शिक्षकाला दिवसभर हाच उद्योग. उकाड्याचा हिशोब तर आकड्यात आहे, अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांवरून २०२० साली आलेल्या अभ्यासात दिसलं की एसी नसलेल्या शाळेत वर्षाचं सरासरी तापमान १ अंश फॅरनहाइटने जरी वाढलं तरी वर्षभराच्या शिकण्यातलं सुमारे १ टक्का वाया जातं.

टॉयलेटबद्दल लिहिताना लोक उगाच लाजतात. मी सरळ लिहिते, टॉयलेट घाण असलं की पोरं पाणी पीत नाहीत, शेवटचे दोन तास मांडी आवळून बसतात आणि अशा पोराला तुम्ही अपूर्णांक शिकवून दाखवा. भारतातल्या शाळांवर २०१७ साली आलेला एक अभ्यास आहे, शाळेत टॉयलेट बांधल्यावर पट वाढला, लहान मुलांना कुठलंही चाललं पण मोठ्या मुलींसाठी वेगळंच हवं होतं. मार्क मात्र त्याने वाढले नाहीत आणि हे पण सांगायलाच हवं, सोयी केल्या की रिझल्ट आपोआप लागतो असं मी म्हणतच नाहीये. पण जी मुलगी वर्गात येतच नाही तिला शिकवणार कसं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, चांगला शिक्षक झाडाखाली पण शिकवतो. मला हे आमच्याच एका मीटिंगमधे ऐकवलं होतं. अहो, झाडाखाली आवाज घुमत नाही, हवा कोंडत नाही, उजेड भरपूर असतो! त्या टाइल्सच्या खोलीपेक्षा झाड कधीही बरं.

आणि सगळ्याला पैसाच लागतो असंही नाही. पोरांकडून जुने टेनिस बॉल गोळा केले, चिरा पाडून खुर्च्यांच्या पायात घातले, कर्रर्र बंद. मागच्या भिंतीला जाड कापडाचे बोर्ड लावले. भिंतीवरचे निम्मे तक्ते काढले, कारण २०१४ साली अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर एक छोटासा प्रयोग झाला होता, त्यात खच्चून सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होतं आणि साध्या वर्गात २८.४ टक्के. मुलं फक्त २४ होती त्यामुळे त्यावर फार उड्या मारायला नकोत, पण मला पटलं. तपासणीला आलेल्या साहेबांना नाही पटलं, वर्ग ओकाबोका दिसतो असा शेरा पडला. तक्ते परत लावले, टेनिस बॉल मात्र कोणाच्या नजरेत आले नाहीत त्यामुळे वाचले.

तर एवढंच करा. पुढच्या वेळी नवीन शाळेची बातमी करायला कोणाला पाठवाल तेव्हा त्याला दुपारच्या तासाला शेवटच्या बाकावर बसवा, पंखे चालू, वर्ग भरलेला, आणि बाईंनी अनोळखी असे वीस शब्द सांगायचे, त्याने ते लिहायचे. तो कागद जसाच्या तसा छापा, फोटोच्या जागी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका