माघी गणपतीऐवजी सप्तमीला

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

या वर्षी माघी गणपतीला मी घरी नसेन. सप्तमीला संध्याकाळी येईन, सायकलने. रजा मंजूर झाली आहे आणि मेघनाचीही तयारी झाली आहे, त्यामुळे ‘बघू, कळवते’ असं काही लिहीत नाही. आई, लगेच फोन करू नकोस. आधी सगळं वाच.

बाबा, तारीख तुमच्याच हिशोबाने काढली आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मांडव्याहून गुहागरला पाच दिवस धरले आहेत. चतुर्थीला घरी पोचायचं तर अमावास्येला निघायला हवं, म्हणजे नेमकं उधाणात. भरती बाराच्या सुमारास आणि सकाळ-संध्याकाळ सुकती. पाणी इतकं मागे जातं की चिखल्या आणि तुतारी हे किनाऱ्यावरचे पक्षी नुसते ठिपके दिसतात. दुपारी पाण्याबरोबर ते जवळ येतात, पण तापलेल्या वाळूवरची हवा हलते आणि दुर्बिणीत काहीच स्थिर दिसत नाही. तृतीयेला निघाले तर सप्तमीची सकाळ आंजर्ल्याच्या खाडीवर मिळते. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे उजाडेपर्यंत पाणी नुकतं उतरायला लागलेलं असतं. पक्षी त्या ओल्या कडेलाच चरतात आणि ऊन आपल्या पाठीशी असतं. संध्याकाळच्या भरतीला तसं नाही, आपल्याकडे मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं. पुढचं भांग, म्हणजे असंच कमी चढउताराचं पाणी, वद्य अष्टमीचं, तेव्हा मला रजा नाही. खूप आकडेमोड करून पाहिली हो.

चतुर्थीला दिवेआगरला असेन, तिथे दर्शन घेईन. षष्ठीला आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला तुमच्या दोघांच्या नावाने नारळ देईन. मनाला लावून घेऊ नका.

पहिल्या दिवशी मांडवा, किहीम, अलिबाग करून मुरूड. किहीमला थोडं थांबणार, १९३० साली सलीम अलींनी सुगरणींचा अभ्यास तिथेच केला होता. मग आगरदांड्याहून फेरीने दिघी आणि दिवेआगर. तिसऱ्या दिवशी शेखाडीच्या समुद्रालगतच्या रस्त्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर. चौथ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले. पाचव्या दिवशी दाभोळ, धोपावे आणि घर. रोज उजाडता निघायचं, अकराला सावलीत थांबायचं, साडेतीनला पुन्हा निघायचं. अंधारात सायकल चालवायची नाही. रात्री पक्कं छप्पर, गरम जेवण आणि मच्छरदाणी. आई, प्रत्येक मुक्कामाला आंघोळीला कढत पाणी आहे, विचारून घेतलंय.

माझ्या गुडघ्यांची काळजी करशील, म्हणून सांगते. हा रस्ता सपाट नाही. खाडी आली की उतार आणि पलीकडे लगेच उभा चढ. त्यासाठी पुढचं लहान चक्र ३० दात्यांचं आणि मागचं मोठं ३४ दात्यांचं बसवलंय. त्यावर पायडलचा एक फेरा मारला तर चाकाचा फेरा पुरा होत नाही, त्यामुळे गुडघ्यावर जोर येत नाही. तरीही नाही जमलं तर उतरून ढकलायची, त्यात कमीपणा नाही. उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही, नाहीतर रिम तापून ट्यूब फुटू शकते. दाबायचा, सोडायचा. टायर ४० मिलिमीटरचे आहेत. हवा कमी असली की जांभ्याच्या दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, म्हणून रोज सकाळी हवा बघणार. दोन जादा ट्यूब, ठिगळं, पंप, ब्रेकचे रबर आणि साखळीची जोडकडी बरोबर आहे. खारं पाणी साखळीला फार वाईट. फेरीच्या फळीवरही ते असतंच. रोज रात्री ओल्या फडक्याने पुसायची, सुकवायची, कडीला एक थेंब तेल, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं, नाहीतर वाळू चिकटते.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घेतली आहे. १० ची मोठं दाखवते, पण चढ चढून आल्यावर हात थरथरतो आणि ती थरथरही मोठी होते. बाबा, अष्टमीला भरती सहाला. सातला आपण दोघं समुद्रावर जाऊ, हळूहळू, काठी घेऊन. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्ही कुरव नीट पाहिलेच नसतील. डोळ्यांच्या मागे टिपका असतो ना, तो दाखवते. मला खांद्यावर बसवून तुम्हीच दाखवायचात. थव्याच्या फार जवळ मात्र जायचं नाही. उत्तरेच्या प्रवासासाठी ते अंगात चरबी साठवत असतात, उगीच उडवलं की ती खर्च होते.

आता तुमचं. बाबांनी दाभोळला किंवा धोपाव्याला न्यायला यायचं नाही. फेरीत बसले की मी फोन करीन, तेव्हा ओटीवर बसायचं. डोळ्यांतले थेंब वेळेवर. बीपीची गोळी संपत आली असेल, आजच आणवून घ्या. आई, त्यांच्या पानात पापड-लोणचं वाढू नकोस, त्यांनी मागितलं तरी. विहिरीवरून कळशी आणायची नाही, पंप लावायचा. मोदक माझ्यासाठी ठेवू नकोस, चार दिवसांत टिकत नाहीत. मला तुझं कुळथाचं पिठलं आणि भात पुरे. मेघना मासे खात नाही, तेवढं लक्षात ठेव.

दशमीला सकाळी तवसाळच्या फेरीने पुढे निघेन. दोन पूर्ण दिवस तुमच्याजवळ आहे. तेव्हा हिंडायला नेऊ नका, मला घरीच राहायचंय.

तुमची,
ठकी