त्रिकोण काढायला लावणाऱ्या ताईला मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

दोन ओळींचा मेसेज टाकून थँक्यू म्हणता आलं असतं, पण मला हे सगळ्यांसमोर लिहायचंय, कारण अभ्यासिकेत स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून तू जे शिकवलंस ते मला क्लासमध्ये मिळालं नव्हतं. विषय होता ट्रिग सबस्टिट्यूशन, म्हणजे इंटिग्रेशनमध्ये रूट घालवायला एक्सच्या जागी साइन, टॅन किंवा सेक घेणं. तिथे नुसता चार्ट होता, रूटमध्ये ए स्क्वेअर मायनस एक्स स्क्वेअर दिसलं की साइन, प्लस असेल तर टॅन, एक्स स्क्वेअर आधी आणि मग मायनस ए स्क्वेअर असेल तर सेक, पाठ करा आणि लावा. हे आलं कुठून, ते कोणी बोलतच नाही.

तू इंटिग्रेशनला हातच लावला नाहीस, आधी काटकोन त्रिकोण काढलास. म्हणालीस, अगं हे आपलं पायथागोरसच आहे, फक्त रूटच्या आत बेरीज आहे की वजाबाकी ते बघ. बेरीज असेल तर अख्खा रूट म्हणजे कर्ण, वजाबाकी असेल तर ज्यातून वजा करतोय तो कर्ण आणि रूट ही एक बाजू. बास, साइन टॅन सेक कोणता घ्यायचा ते त्रिकोणच सांगतो.

ते गणित माझ्या वहीत अजून आहे, वर वन आणि खाली एक्स स्क्वेअर इन्टू रूट एक्स स्क्वेअर प्लस ४, याचं इंटिग्रेशन. एक्स म्हणजे २ टॅन थीटा, डीएक्स २ सेक स्क्वेअर थीटा डीथीटा, रूटचं झालं २ सेक थीटा, आणि सगळं कॅन्सल होऊन कॉस अपॉन साइन स्क्वेअर, बाहेर एक चतुर्थांश! उत्तर मायनस वन अपॉन ४ साइन थीटा. आता परत एक्समध्ये यायचं तर तू नुसतं त्रिकोणावर बोट ठेवलंस, समोरची बाजू एक्स, लगतची २, कर्ण रूट, म्हणजे साइन किती? मायनस रूट एक्स स्क्वेअर प्लस ४ अपॉन ४एक्स, प्लस सी. परत येणं इतकं सोपं असतं हे मला तेव्हा कळलं.

आणि तुझी शिस्त पण आवडायची. रूट कॉस स्क्वेअर म्हणजे मॉड कॉस (चिन्ह सोडून नुसती किंमत), थीटा मायनस ९० ते ९० मध्ये धरलाय म्हणून मॉड काढता येतो, हे लिहिल्याशिवाय तू पुढे जाऊ द्यायची नाहीस. तसंच वर सुटा एक्स असेल, म्हणजे एक्स अपॉन रूट एक्स स्क्वेअर प्लस ४, तर टॅनच्या नादी लागू नकोस, आतलं सगळं टी घे आणि मोकळी हो. मला वाटतं कुठे लावायचं नाही हे सांगणारे फार कमी असतात.

सेक थीटाच्या इंटिग्रेशनला मी कंटाळले तेव्हा तू मर्केटरच्या नकाशाचं, म्हणजे खलाशी वापरायचे त्या सपाट नकाशाचं सांगितलंस, की त्यावर अक्षांशांमधलं अंतर काढायला खलाशांना हेच लागायचं, एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने १५९९ मध्ये बेरजा करकरून कोष्टक छापलं आणि लॉगवालं उत्तर जेम्स ग्रेगरी या स्कॉटिश गणितज्ञाने सिद्ध केलं ते १६६८ मध्ये. ते ऐकून मी तो फॉर्म्युला प्रेमाने लिहायला लागले, खरंच.

पण सगळ्यात जास्त थँक्यू वर्तुळासाठी. शून्य ते ए, रूट ए स्क्वेअर मायनस एक्स स्क्वेअर, साइन घेतला, लिमिट शून्य ते पाय बाय २ झाली आणि आलं पाय ए स्क्वेअर बाय ४, म्हणजे पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ. चौपट केलं की शाळेपासून पाठ असलेलं पाय आर स्क्वेअर, माझ्या स्वतःच्या हातून आलेलं. ताई, ते पान मी फाडून जपून ठेवलंय आणि आता बारावीतल्या मामेबहिणीला शिकवताना तेच आधी दाखवते.

तुझीच,
अभ्यासिकेतली शेजारीण