चार दिवस झाले, काही झालं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या इमारतीतला तळमजल्यावरचा कोपऱ्याचा गाळा गेल्या महिन्यात नव्या माणसानं घेतला. दर्शनी बाजूला प्लायवूड ठोकलं आणि आत फोडकामाचा ब्रेकर सुरू झाला. माझी पस्तीस वर्षं साइटवर गेली. ब्रेकर विटेवर चाललाय की काँक्रीटवर, हे मला दुसऱ्या मजल्यावर चहा पितानाही कळतं. खाली गेलो. दोन शटरांच्या मधला कोपऱ्याचा कॉलम, म्हणजे खांब, दोन बाजूंनी सळ्यांपर्यंत सोललेला. उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या तीन रिंगा कापलेल्या, आणि त्या जागी सोळा एमएमची एक सळी किंचित बाहेर फुगलेली. शोकेस भिंतीच्या लेव्हलला बसवायची होती म्हणे. मी आवाज चढवला तसा दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, चार दिवस झाले. काही झालं का?"

हे पत्र त्या वाक्यासाठी आहे.

कॉलम कमजोर झाला म्हणून स्लॅब त्याच मिनिटाला खाली येतोच असं नाही, हे दुकानदाराचं म्हणणं खरंच आहे. चार मजल्यांच्या साध्या इमारतीत कॉलम चार-चार मीटरवर असतील, तर मधल्या एका तळमजल्याच्या कॉलमवर ढोबळमानानं ८० टन बसतात, कोपऱ्याच्या कॉलमवर २० ते २५. कॉलम खचायला लागला की हे वजन शेजारच्या कॉलमांवर आणि खालच्या विटांच्या भिंतींवर सरकतं. नकाशात ज्या भिंतीला कुणी भार उचलायला सांगितलेलं नसतं, ती मुकाट्यानं उचलते. पण दुकान मोठं करायचं म्हणून आपण आधी भिंती काढतो, मग कॉलमला हात लावतो. म्हणजे आधी फुकटचा टेकू घालवायचा, मग विकतचा.

भिंतही नसली की उरतो बीम, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, आणि स्लॅब. चार मीटरचा बीम आता आठ मीटर ओलांडायला निघतो. अंतर दुप्पट झालं की वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्याहून वाईट गोष्ट सळ्यांची. कॉलमच्या डोक्यावर बीमला ताण वरच्या अंगाला बसतो, म्हणून जाड सळ्या तिथं वर टाकतात. कॉलम गेला की त्याच जागी ताण खालच्या अंगाला येतो, आणि तिथं खाली सलग सळी नसते.

नसते, कारण आम्हीच टाकली नाही. १९८६-८७ च्या सुमारास मी नवा सुपरवायझर होतो. खालच्या सळ्या कॉलममध्ये वीतभर घुसवून थांबवायच्या, पलीकडच्या बीमच्या दुसऱ्या, असं सळ्या बांधणारे फिटर करायचे आणि मी सही करायचो. त्यात चूकही नव्हती. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात सलग बीमच्या खालच्या सळ्यांपैकी निदान एक चतुर्थांश टेकूच्या आत जाव्यात एवढंच होतं, आणि किती आत, तर साधारण वीतभरच. खाली-वर निदान दोन-दोन सळ्या बीमभर सलग हव्यात, हे आम्ही वाचलं ते भूकंपासाठीच्या आयएस १३९२० मध्ये, १९९३ साली, म्हणजे किल्लारीच्या वर्षी. त्याआधी उभ्या राहिलेल्या इमारतींत लोक आजही राहतात. आमचीही १९८८ ची.

या सलग सळ्यांचं काम काय? बीम वाकून वाकून मोडला, तरी सळ्या तुटल्या नाहीत तर तो दोरीसारखा लोंबतो आणि स्लॅबची झोळी होते. चादरीची चार टोकं चौघांनी धरली की मधलं पोर पडत नाही, तसं. चांगल्या इमारतीत मधला एखादा कॉलम गेल्यावर माणसं वाचतात ती या झोळीमुळे. पण झोळीला टोकं धरणारे लागतात. मधल्या कॉलमच्या चारही बाजूंना स्लॅब असतो, तो ओढून धरतो. कोपऱ्याला दोनच बाजू. उरलेल्या दोन्हीकडे रस्ता. तिथं स्लॅबची झोळी होत नाही, छज्जा होतो, आणि चार मीटरचा छज्जा कुणी डिझाइन केलेला नसतो. नेमका हाच कॉलम दुकानदारांना खुपतो, कारण दोन्ही रस्त्यांवरून दिसणाऱ्या काचेच्या मधे तो येतो!

आणि तोडकाम हळूहळू होतं म्हणून शेवटही हळू येईल असं नाही. उरलेला गाभा एकदम फुटतो. अचानक पडलेलं वजन तेवढ्याच अलगद ठेवलेल्या वजनाच्या दुपटीपर्यंत हिसका देतं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत सकाळी कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप होता. तिथंही आदल्या दिवसापर्यंत "काही झालं" नव्हतंच.

तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, होतं, आमचंही झालं. जिना, गच्ची, बाल्कन्या हातोडीनं ठोकून पाहिल्या. गाळ्यातल्या कॉलमांपुढे मात्र "लॅमिनेटमुळे पाहता आला नाही" असा शेरा आहे. सोसायटीच्या ना-हरकत अर्जातही "सिव्हिल काम : आहे / नाही" एवढाच रकाना, आणि सगळे "नाही" वर खूण करतात. माझं मागणं लहान आहे. गाळ्याचं जुनं फर्निचर निघालं की नवं लागायच्या आत दोन-तीन दिवस कॉलम उघडे असतात. त्या दिवसांत इंजिनिअरनं येऊन ते पाहावेत, फोटो सोसायटीच्या फायलीत लावावेत आणि मगच नवं प्लायवूड ठोकू द्यावं. महानगरपालिकांनी दुकानाच्या परवान्याला ही अट जोडावी.

आमच्याकडे त्याच संध्याकाळी बीमखाली दोन रांगांत अठरा लोखंडी प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, लावले. एक प्रॉप जेमतेम दोन टन धरतो. पुढे नव्या रिंगा, जादा सळ्या आणि चारी बाजूंनी काँक्रीटचं दहा सेंटिमीटरचं जॅकेट. नऊ इंची कॉलम आता सतरा इंची झालाय. दुकानदारानं त्यावर चारी बाजूंनी आरसे लावून घेतलेत. गिऱ्हाईक त्यात बघून केस नीट करतात.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर,
डोंबिवली (पूर्व)