टॉवेल राहू दे

लाइपझिग (जर्मनी),
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा निम्मा चुरा झाला होता, तो मी दह्यात कालवून खाल्ला. थंडी आहे, पण घरात हीटर असतो आणि बाहेर पडताना कानटोपी घालतो. जेवतो वेळेवर. तेव्हा ते सगळं विचारून झालं असं समजा.

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर बोललं की आई रडते, मी आवाज चढवतो आणि बाबा ‘बॅटरी संपत आली’ म्हणून फोन ठेवतात. मागच्या रविवारी तेच झालं. कागदावर निदान मधेच कुणी तोडत नाही.

दत्ताने तुझा निरोप दिला. ‘काकू म्हणते, स्वतःच्या घरात पाय पसरून बसायची चोरी झालीय.’ तो हसत होता, मला काही हसू आलं नाही. आई, मी कॅमेरा पाळत ठेवायला बसवलेला नाही. ऑगस्टमध्ये बाबा न्हाणीत घसरून तासभर पडून होते, तू भजनाला गेली होतीस, आणि मला ते कळलं दुसऱ्या दिवशी, तेसुद्धा मावशीकडून. का, तर त्याला उगाच घोर नको. मग मी काय करायचं? ‘कळवलं असतंत तर आलो असतो’ असं मी तेव्हा म्हणालो होतो. नसतो आलो. नवीन नोकरीचे पहिले सहा महिने होते, रजा मागायची सोय नव्हती. म्हणून दत्ताला पैसे पाठवले आणि सोप्यात कॅमेरा लावून घेतला. न्हाणीकडे जाणारी वाट दिसावी, एवढाच हेतू होता.

आता इथली एक गंमत सांगतो. बाबांना आवडेल, आईने कंटाळा आला तर हा भाग सोडून द्यावा.

इथे माझी दोन पार्सलं दारातून गेली, म्हणून सप्टेंबरमध्ये मी दाराला कॅमेऱ्याची घंटा लावली. आपल्याकडे निम्म्या गल्लीत असते तसलीच. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची आजी खाली आली. पंचाहत्तरीची बाई, एरवी जिन्यात भेटली की नुसती मान हलवणारी. हातात घडी घातलेला कागद, त्यावर सुवाच्य अक्षरात चार ओळी. मी दिवसातून चार वेळा जिना उतरते, तुमच्या यंत्राला ते माहीत असण्याचं कारण नाही, कृपया काढावे. मी म्हटलं, आजी, तुमच्याकडे कोण बघतंय, मी पार्सलासाठी लावलाय. ती म्हणाली, तुम्ही बघता की नाही हा प्रश्नच नाही, तुम्हाला बघता येतं एवढं पुरे.

मला राग आला. ऑफिसात विचारलं तर सगळे तिच्याच बाजूने. जिना सामायिक आहे, कायद्याने तो तुझ्या कॅमेऱ्यात येता कामा नये, म्हणाले. स्वतःच्या दारात लावा, अंगणात लावा, पण शेजाऱ्याचा उंबरा किंवा रस्त्यावरचा फूटपाथ त्यात दिसला की तक्रार झालीच म्हणून समजा. बंद पडलेला कॅमेरा किंवा नुसता खोका लावला तरी कोर्ट तो काढायला लावू शकतं, कारण खालून जाणाऱ्याला तो खोका आहे हे कुठे ठाऊक असतं? त्याच्या मानेवर ओझं यायचं ते येतंच. मोटारीच्या काचेला कॅमेरा लावून सगळा रस्ता सतत टिपत फिरायलाही परवानगी नाही. गूगलने २०१० साली इथल्या २० शहरांतल्या रस्त्यांचे फोटो नकाशावर टाकायचे ठरवले, त्यात हे लाइपझिगही होतं, तर सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी ‘आमचं घर पुसा’ म्हणून कळवलं. चोरी नाही, भानगड नाही, नुसती भिंत आणि खिडक्या! नकाशावर रस्ता बघत जावं तर मधेच एखादी अख्खी इमारत धुक्यात बुडालेली.

बाबा, याचं मूळ फार जुनं आहे. १८९८ च्या जुलैत जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर माणूस फोडून खिडकीतून आत शिरले आणि त्यांनी बिछान्यावरच्या प्रेताचा फोटो काढला. तो विकायला काढला तेव्हा घरच्यांनी कोर्टात जाऊन बंद पाडला. पुढे १९०७ मध्ये कायदा झाला की माणसाचं चित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. तो अजून लागू आहे. परवा ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या वाढदिवसाला मी सवयीने चार फोटो काढले, तर एका आईने शांतपणे येऊन माझ्यासमोर तिच्या पोराचे पुसून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घंटा काढली त्या दिवशी आजीने मला चहाला बोलावलं. ती याच शहरात वाढलेली, म्हणजे पूर्व जर्मनीत. तिथलं हेरखातं, श्टाझी, माणसांच्या फायली ठेवायचं. शेवटी शेवटी ९१ हजार पगारी नोकर होते, खबरे वेगळे. कागद उरलेत ते रांगेत लावले तर १११ किलोमीटर होतात, म्हणजे साताऱ्याहून निघून पुणं यावं. जानेवारी १९९२ पासून ज्याची त्याला फाईल बघायला मिळू लागली. आजीने आपली बघितली. तिला वाटलं होतं, राजकारणाचं काही असेल. तर त्यात लिहिलेलं की स्वयंपाकघरातला दिवा अकराला मालवला. दोरीवर पुरुषाचे दोन शर्ट होते. बाळाचं दूध आणायला उशिरा गेली. ‘शर्ट माझ्या भावाचे होते,’ ती मला म्हणाली, जसं काही मीच विचारलं होतं. दोरी फक्त एकाच घरातून दिसायची. त्या घरातल्या बाईने हिच्या बाळंतपणात केक आणून दिला होता.

पण इथे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही समजू नका. पोलिसांनी भर रस्त्यावर कॅमेरे लावायला सुरुवात केली ती १९९६ मध्ये, आणि ती याच लाइपझिगमध्ये, मोठ्या स्टेशनाजवळ. बर्लिनच्या एका स्टेशनवर २०१७ साली चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची चाचणी झाली, आपणहून तयार झालेल्या लोकांवर, आणि त्याबद्दल त्यांना २५ युरोंची कुपनं दिली. म्हणजे तोंडाचा भाव आजच्या हिशेबाने अडीच हजार रुपये. ट्रामातही कॅमेरे असतात. फक्त शेजारी पाटी हवी, कुणाचा कॅमेरा आणि कुणाकडे विचारायचं ती. आपल्याकडेही पाटी असते म्हणा, ‘आपण सीसीटीव्हीच्या नजरेत आहात’. तिचा सूर मात्र ‘याद राखा’ असा.

बाबा, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा तुम्ही पेपरचं कात्रण काढून मला वाचायला लावलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत होतो, वाचल्यासारखं केलं. ते अजून कपाटात असेल तर ठेवा. आलो की वाचतो.

आई, आता तुझ्याशी.

तुझ्या मनगटावरच्या चटक्याबद्दल मी फोनवर विचारलं तेव्हा तू गप्प झालीस. मग म्हणालीस, ‘तुला कसं कळलं?’ मी मोठ्या फुशारकीने सांगितलं की हा साधा कॅमेरा नाही, चित्र मोठं करून बघितलं तर टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नावसुद्धा वाचता येतं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर टॉवेल आला. मला वाटलं तू रुसलीस. आता वाटतं, तू पोळ्या लाटायला बसलेली असताना सहा हजार किलोमीटरवरून मी तुझा हात बोटांनी ताणून मोठा करून बघत होतो. शेजारी बसून बघितला असता तर तू स्वतःच दाखवला असतास, वर बर्नॉल लावून घेतलं असतंस.

आठ दिवस मला टॉवेलच दिसतो. तो निळा, काठाला भगवी पट्टी असलेला, माझा कॉलेजातला ना? इथे रात्रीचा एक वाजतो, माझी रात्रपाळी चालू असते, आणि पहाटे साडेपाचला तू सोप्यातला दिवा लावतेस तेव्हा टॉवेलचे धागे एकदम उजळतात. उठलात एवढं मला कळतं. तेवढ्यावर माझं भागतं, खरंच भागतं.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. त्या कॅमेऱ्याला आवाजही येतो. टॉवेल टाकला तरी येतो. बुधवारी बाबा विचारत होते, पाटल्या कधी सोडवायच्या, आणि तू म्हणालीस, हळू बोला. त्यानंतर मी आवाज बंद केला आहे. दत्ताला सांगितलंय, येत्या रविवारी येऊन कॅमेरा सोप्यातून काढेल. न्हाणीत धरायला दांडा आणि दाराला बाहेरून ढकलता येईल अशी कडी बसवून घ्या, त्याचे पैसे वेगळे पाठवलेत. फाटकावर कॅमेरा नकोच, तिथून समोरच्या काकूंचा ओटा दिसतो. बाबांनी सकाळ-संध्याकाळ एक फोन करायचा, नुसती रिंग दिली तरी चालेल.

चटका मला दिसला तो मनगट मोकळं होतं म्हणून. तेव्हाच कळलं होतं, विचारायचा धीर झाला नाही.

पैशाचं असं आहे. शुक्रवारी दीड हजार युरो पाठवलेत, दीड लाखाच्या वर होतील. त्यातून आधी पतसंस्थेचं भागवून पाटल्या घरी आणा. हॉलचा आगाऊ आणि केटररचं मी डिसेंबरच्या पगारातून बघतो. धाकटीच्या लग्नात तू मोकळ्या हातांनी उभी राहणार असशील तर मला फोटो पाठवू नका. घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जातोच आहे, त्याची चौकशी नको.

रजेचं अजून नक्की नाही. मी फेब्रुवारीचे बारा दिवस मागितलेत. साहेब ‘बघू’ म्हणालाय, आणि इथे ‘बघू’ म्हणजे खरंच बघतात. हळदीला नाही जमलं तरी अक्षतांना येतो. धाकटीला सांग, माझ्यावर डोळे वटारू नको.

वाईच्या स्थळाचं मी नाही म्हटलेलं नाही, दत्ताने वाढवून सांगितलं असेल. पण मावशीने त्या मुलीचा फोटो, जन्मतारीख, पगार सगळं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलंय, त्यात बेळगावच्या आत्याचे व्याहीसुद्धा आहेत. तिला विचारून टाकलंय का? मावशीला आधी तो काढायला सांग. मग त्या मुलीला चालणार असेल तर माझा नंबर तिला द्या. बोलतो मी. शपथ.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, मंगळवारपर्यंत आणा. किती उरल्यात ते आता मला दिसत नाही.

तुमचा,
सुहास

ता. क. रविवारी कॅमेरा काढेपर्यंत टॉवेल राहू दे. नंतर धुऊन ठेव, आलो की मलाच लागेल.