ओरडायचं असेल तर आधी वाचून संपव

सांगली, जून

प्रिय नंदे,

पाडव्यापासून तुला फोन करते करते म्हणतेय आणि तुझ्या प्रत्येक ‘जिवंत आहेस का?’ला नुसता अंगठा पाठवतेय. जिवंत आहे. थायरॉइडची गोळी चालू, यांची शुगर आहे तिथंच, ऋतूची अक्कलदाढ काढली. झालं आरोग्य.

फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू ओरडली असतीस, म्हणून लिहायला बसले. मी फ्लॅट घेतेय. खणभागात. पंचमुखी मारुती रोडवरनं जाधवबाईंच्या क्लासला वळायचो, त्या बोळात पिठाची गिरणी होती ना, तिच्यावर दुसरा मजला. विसार देऊन झालाय.

आता ओरड.

यांना कुपवाडकडची नवी स्कीम हवी होती. लिफ्ट, जिम, गेटवर वॉचमन आणि कोथिंबीर आणायला गाडी काढायची. जिममध्ये कोण जाणार, मी का हे? बरं, साडेसातशे फूट म्हणून सांगतात आणि आत टेप लावला की पाचशेच्या आसपास. सुपर बिल्टअप म्हणे. जिन्यात आपण श्वास घेतो त्याचेही पैसे. इथं कार्पेट पाचशे वीस आहे, स्वतः मोजलंय. मोझॅकची फरशी, ओट्याला काळा कडप्पा, मोरीला वेगळं दार. खाली उतरलं की मंडई, डॉक्टर, झेरॉक्स, आणि आईकडं चालत. पार्किंग नाही. लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर बायका ब्लाउज, गाऊन शिवतात, त्यांची इंटरलॉक मशीन रात्री नऊपर्यंत घरघरत असतात. गिरणी सुरू झाली की ओट्यावरचं भांडं जरा सरकतं. हे म्हणाले, झोप कशी लागणार? मी म्हटलं, तुमच्या घोरण्यात लागते ती कुठंही लागेल.

बिल्डिंग १९८८ ची. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला लागतं, ते इथं कुणी केलेलंच नाही. मग बँकेच्या माणसावर न विसंबता मी आपला एक इंजिनिअर नेला. त्यानं हातोडीनं भिंती वाजवल्या. टण् आला की पुढं, भद्द आला की खडूनं गोल. हॉलमध्ये एक गोल, बेडरूममध्ये एकही नाही, मोरीच्या छताला मात्र गोलच गोल. तिथं सळई गंजून फुगलीय आणि सिमेंटचे पोपडे सुटलेत. तो म्हणाला, वर गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि खाली गिरणीतल्या दोन कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे बाहेरनं काँक्रीटचं नवं कवच, केलं तर अजून वीस-पंचवीस वर्षं बघायला नको. तोवर आपणच गंजलेल्या असू.

आता पाणी. मला माहितेय तू आधी हेच शोधणार होतीस.

जिन्यात शिरलं की डाव्या भिंतीवर ऑइलपेंटनं तीन रेघा मारल्यात. सगळ्यात खाली २००५, तिच्या वर २०२१ आणि माझ्या डोक्याच्याही वर २०१९. लोक निळी पूररेषा, लाल पूररेषा म्हणून नकाशे उलगडतात, मला ही भिंत पुरे. २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेलं, तरी पहिल्या मजल्याला पाणी लागलं नाही, दुसरा तर लांबच. विजेचे मीटर सगळ्यांनी तेव्हापासून पहिल्या मजल्याच्या वळणावर घेतलेत. गिरणीवाल्यानं छताला हूक ठोकून चेन ब्लॉक लावलाय. आयर्विनला ४० फूट झाले, इशारा निघाला, की हा मोटर वर ओढतो. २०२१ ला रस्ता कोरडा असताना त्यानं ओढली तेव्हा बोळातली पोरं हसली. पण आपल्याकडं पाणी आधी रस्त्यानं थोडंच येतं? आधी गटारीच्या चेंबरमधनं उलटं येतं. दुसऱ्या दिवशी तीच पोरं त्याच्याकडं चेन मागायला.

म्हणजे घर बुडणार नाही. आपण मात्र वर अडकणार. खालची पाण्याची टाकी घाण होणार, वीज नाही, दूध नाही, आणि गच्चीवर उभं राहून कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीनं किती धरलं यावर सगळा बोळ तज्ज्ञ होणार. हे सगळं धरून मी ठरवलंय. भीती वाटत नाही असं नाही, पण त्या भीतीपायी कुपवाडचा हप्ता भरायचा नाही.

मला खातंय ते वेगळंच.

घर एका आजींचं आहे. आजोबा गेले, मुलगा हैदराबादला, आजी आता तिकडं जाणार. फ्लॅट आजोबांच्या नावावर, त्यामुळं आजी, मुलगा आणि दोन्ही मुली, चौघांच्या सह्या हव्यात. आजींनी बावीस लाख सांगितले. मी अठरावर आणले. नंदे, आडतीवर हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. हळदीचा ढीग समोर असताना खरेदीदार कसा नाक मुरडतो, हे मी रोज बघते. तसंच केलं. मोरीचं छत दाखवलं, ऑडिट झालं नाही हे काढलं, आणि शेवटी म्हटलं, “आजी, पावसाळा तोंडावर आलाय. ऑगस्टनंतर कोण बघायला येतंय?” आजींनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “बरं बाई, कर तुझ्या मनासारखं.”

परवा धाकट्या मुलीचा फोन. कोल्हापूरला दिलीय तिला. सही करणार नाही असं म्हणाली नाही. म्हणाली, “आमच्या आईनं पुराच्या पाण्यात सांभाळलेलं घर तुम्ही पाण्याच्या भावात घेताय. घ्या. पण परत पावसाळ्याचं नाव तिच्यासमोर काढू नका.” आणि ठेवला.

आता सांग, हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? ऐकलंय काय, म्हटलंय. पुरानंतर तुमचं गावभागातलं घर विकत घ्यायला तो माणूस दिवाळीच्या तोंडावर आला होता, पायातले बूटसुद्धा न काढता फिरला होता, ओल चढलेल्या भिंतीवर किल्लीनं ओरखडा काढून दादांना दाखवला होता. मग तू आणि मी गणपती मंदिराबाहेर उभ्या राहून त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. ‘गिधाड’ हा शब्द माझा होता, तुझा नाही. मी चपला काढून गेले होते एवढाच काय तो फरक.

मग मी स्वतःशी भांडते. अठरा हा काही फुकटचा भाव नाही. कॉलमचा, गच्चीचा, मोरीचा खर्च माझ्याच डोक्यावर आहे. बँक जुन्या इमारतीला कर्ज देताना हात आखडते, त्यामुळं पीएफ मोडतेय. एकटीच्या नावावर घेतेय म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचला, तो वकिलानं तीस वर्षांचे मालकीचे कागद तपासले त्या सर्चमध्ये गेला. आणि मी बावीस दिले असते तर मला कुणी सोडलं असतं काय? यांना विचारलं, तर म्हणतात, “विसार झाल्यावर भाव वाढवणारी तू जगातली पहिली बाई.” म्हणून तुला विचारतेय. त्या वेळी दादांना नेमकं काय लागलं होतं गं? पैसा कमी मिळाला ते, का त्यानं घराला नावं ठेवली ते? पैसे असतील तर पन्नास हजार आणखी उभे करते, वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर. आणि नावं ठेवणं असेल तर त्याला मी काय करू?

आणि हो, त्या पुरानंतर तुमच्याकडं चिखल काढायला मी आले नव्हते हे आता काढू नकोस. सासूबाई इचलकरंजीत अडकल्या होत्या, पंचगंगा तिकडं वेगळी नाचत होती, हे तुला शंभरदा सांगितलंय. तुझ्या त्या मोरपंखी पैठणीचं मलाही वाईट वाटलं. ती मी वर माळ्यावर ठेव म्हटलं होतं, तू कपाटातच ठेवलीस. जाऊ दे.

तुझ्या बदलीचं काकूंकडनं कळलं. नाशिक छान आहे म्हणतात, थंडीत तरी. चिनूला बारावीचे मार्क बरे पडले ना? पेढे न देता गप्प बसलीयस म्हणजे बरेच पडले असणार. तुझा गुडघा आता कसा आहे ते लिही, पट्टा लाव, नुसता बाम चोळू नकोस.

सोमवारी खरेदीखत. धाकटी कोल्हापूरहून येणार आहे आणि सब-रजिस्ट्रारच्या बाकावर आम्ही दोघी शेजारीशेजारी बसणार, नंबर लागेपर्यंत. त्याच्या आत फोन कर. रविवारी चालेल, हे दुपारी झोपतात.

तुझी,
शैला

ता. क. दादांना खणभागाचं सांग, त्यांना बरं वाटेल. भाव विचारला तर बावीस सांग.