साडेचार टॉवेलांचं अंतर

सोलापूर

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन झाल्यापासून हे डोक्यात घोळतंय. मागाच्या खडखडाटात तीस वर्षं गेली, त्यामुळे फोनवर माझा आवाज चढतो आणि तुला वाटतं आप्पा रागावले. रागावलो नव्हतो. म्हणून आज पाळी संपवून आलो आणि लिहायला बसलो.

रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून तुझी नोकरी पक्की झाली, हे आईने गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं. शेजारच्या अम्मांनी तेलुगूत तुला भरभरून आशीर्वाद दिले, मला अर्धेच समजले. आजवर तू कॉलेजची मुलगी होतीस, पळायचीस. आता पळणं हाच तुझा पेशा झाला. आनंद आहेच. पण त्याच फोनवर तू म्हणालीस, शेवटच्या वर्षाची परीक्षा सोडते, सगळा वेळ सरावाला देते आणि वर्षभरात आप्पांचं कर्ज फेडते. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

बाळ, कर्ज माझं आहे. ते डोक्यावर घेऊन तू शर्यतीच्या सुरुवातीला ब्लॉकवर बसू नकोस.

आंतरविद्यापीठ स्पर्धेतल्या तुझ्या शंभर मीटरच्या शर्यतीचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल, मोजलं नाही. साठ मीटरपर्यंत तू दुसरी होतीस. मग शेजारच्या लेनमधली मुलगी खांद्याला आली आणि तुझा जबडा आवळला, खांदे कानापर्यंत चढले, मुठी वळल्या. तू जोर वाढवलास आणि चौथी आलीस. तुझे सर मला एकदा मैदानाच्या कट्ट्यावर समजावत होते, की साठ मीटरच्या आसपास वेग सगळ्यात जास्त असतो, तिथून पुढे मोठमोठे धावपटूही मंदावतच जातात. जो कमी मंदावतो तो पुढे गेल्यासारखा दिसतो. आणि कमी मंदावायचं तर चेहरा, मान, हात सैल पाहिजेत. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. व्हिडिओ पाहताना समजलं, कारण ही गोष्ट मी रोज हाताने करतो.

टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, उभं सूत गुंडाळलेले रूळ, तू लहानपणी त्यांच्यामागे लपायचीस. एक बीम घट्ट ताणलेला, त्याच्यावर कापडाची ताकद. दुसरा मुद्दाम सैल सोडलेला. आडव्या सुताचा धोटा तीनदा गेला की फणी सगळं पुढे ठोकते आणि सैल सुताचे लूप उभे राहतात. पाणी टिपतात ते हे लूप. नवा कामगार आला की पहिल्या दिवशी दोन्ही बीम आवळून ठेवतो, त्याला वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. कापड निघतं, पण टॉवेल निघत नाही. तुझे पाय घट्ट बीमवर आहेत, बाळ, त्यांची मला काळजी नाही. दुसरा बीम तू आवळून टाकलायस, आणि तो आमच्या घरामुळे आवळला गेलाय असं मला वाटतं.

आता एक गोष्ट लिहितो, जी मी तुझ्याशी कधी बोललो नाही. तीन वर्षांपूर्वी पुण्यात बालेवाडीला राज्य स्पर्धा होती. आपण पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडली, माझे दोन दिवसांचे खाडे झाले. वॉर्मअप करून तू आलीस आणि म्हणालीस, आप्पा, मांडीच्या मागे ओढल्यासारखं होतंय. मी म्हणालो, एवढ्या लांब आलोय तर एक हीट पळून बघ. पन्नास मीटरवर तू मांडी धरलीस. तो निळा-तांबडा ट्रॅक होता का नुसता तांबडा, ते मला आठवत नाही, तुझा हात तेवढा आठवतो. आठ महिने गेले त्यात. मागावर तार तुटली तर मी काय करतो? माग थांबवतो, गाठ मारतो, मग चालू करतो. नाहीतर पुढचं सगळं कापड डागी निघतं. सुतासाठी जे मला कळत होतं, ते माझ्या पोरीसाठी त्या दिवशी कळलं नाही. तू मला कधी बोलली नाहीस. मी माफी मागतो.

म्हणून सांगतो, मांडी ओढली की थांबायचं. साहेब समोर असू देत, नाहीतर संघाचं पदक अडलेलं असू दे.

शंभर मीटरच्या राष्ट्रीय विक्रमाचा आकडा तू वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलायस, 11.17 सेकंद. द्युती चंदने 2021 मध्ये पतियाळाला केलेला. तुझी सगळ्यात चांगली वेळ 11.94. मी शाळेत फार शिकलो नाही, पण हिशोब येतो. ती रेषेवर पोचते तेव्हा तू साधारण पावणेसात मीटर मागे असतेस. परवा रात्री गल्लीत मी ते मोजलं. आपला साठ इंची टॉवेल रस्त्यावर टाकत गेलो, साडेचार टॉवेल झाले. आपल्या दारापासून नळापर्यंत. बघायला गेलं तर एवढंसंच. पण यातला एकेक वीत कमी करायला वर्षं लागतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 1984 ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, 55.42 आणि 55.41. म्हणजे जेमतेम चार बोटं. तेवढ्यासाठी त्या बाईंनी किती वर्षं घातली असतील.

द्युती विणकराच्या घरची आहे, ओडिशातल्या खेड्यातली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने 100 आणि 200, दोन्हींत रौप्य आणलं तेव्हा आमच्या कारखान्यात पेढे वाटले होते, आपल्यातलीच पोर म्हणून. 2023 मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली, तपासणीत बंदी असलेली द्रव्यं सापडली म्हणून. मला त्या मुलीबद्दल वाईट बोलायचं नाही, फार वाईट वाटलं होतं. पण तू फोनवर म्हणालीस की मैदानावर कोणीतरी पावडरचा डबा देऊ केलाय, ‘लवकर फरक पडतो’ म्हणून. तो डबा घेऊ नकोस. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, देणाऱ्याची नाही. देणारा दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवणार नाही. सर्दीची गोळीसुद्धा शिबिरातल्या डॉक्टरांना दाखवून घे. आणि तो ‘लवकर’ हा शब्द आपल्या घरातून तुझ्यापर्यंत पोचला असेल, तर तो मी परत घेतो. कर्जाचे हप्ते चालू आहेत, एकही चुकलेला नाही. पहिला पगार तुझ्या बुटांना, फिजिओला आणि दुधा-अंड्यांना लाव.

आता परीक्षा. त्या अमेरिकेच्या गॅबी थॉमसबद्दल तूच मला सांगितलं होतंस. हार्वर्डमध्ये शिकली, तिथेच पळाली, मग व्यावसायिक धावपटू झाली आणि तरीही सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घेतलं. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 200 मीटरचं सुवर्ण तिचंच. शिकल्यामुळे तिचे पाय जड झाले नाहीत. आणि लांब कशाला जा, आपल्या माणदेशातली ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पळाली आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाली. खेळाडूंना राज्य सरकारच्या नोकरीत पाच टक्के जागा आहेत, पण अधिकारी व्हायचं तर पदवी लागते. तू उद्या काय होशील ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही. फक्त दोन सेमिस्टर राहिलेत म्हणून वाटतं.

हे आईचंही म्हणणं आहे. ती आत्ता मांडीवर सूप घेऊन बसलीय, पानं कातरतेय. रोजच्या हजार विड्या वळताना तिची बोटं आता दुखतात, पण तू हे वाचून लगेच पैसे पाठवशील म्हणून लिहू नका असं म्हणाली. मी लिहिलं. पैसे पाठवू नकोस. सुट्टी मिळाली की ये, तिला तेवढं पुरतं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आलीस तर नंदीध्वज बघायला तिघं मिळून जाऊ. तू पाचवीत असताना माझ्या खांद्यावर बसून पाहिले होतेस, सातही ध्वज जाईपर्यंत उतरली नव्हतीस.

गल्लीतला मुलगा सोमवारी तिकडे येतोय, त्याच्याबरोबर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी देतोय. भाकरी महिनाभर टिकतील. दोन टॉवेलही आहेत, माझ्या मागावरचे. एक मैदानावर ने.

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे ते कळव. फी इथून भरतो.

तुझे,
आप्पा