इंजिन बांधायला टाकण्याआधी

मा. संपादक, स.न.

जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी निळा धूर सोडू लागली की 'ऑईल खाते, इंजिन बांधा' (म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करा) हा निकाल गॅरेजमध्ये उभ्या उभ्याच लागतो. त्याआधी गाडीमालकांनी थोडी तपासणी करावी, म्हणून हे पत्र.

आधी खप मोजा. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा, वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तेवढंच भरायला किती लागलं, ते मापाने टिपा. खुणेच्या वर भरू नका. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) जास्तीचं ऑईल घुसळतो आणि ते ब्रिदरवाटे, म्हणजे इंजिनातला वायू हवेच्या वाटेकडे नेणाऱ्या नळीतून, जाऊन जळतं. ब्रिदरची नळी तुंबली तरी तेच.

मग धुराची वेळ बघा. सकाळी भक्कन येऊन थांबला, किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरून ॲक्सिलरेटर दाबताच आला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑईल खाली झिरपू न देणारे रबर) कडक झालेत. चढावर सतत येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. मग मिस्त्रीकडून गेजने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. तो कमी भरला तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. कॉम्प्रेशन वाढलं तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. जैसे थे राहिलं तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा). कॉम्प्रेशन चांगलं असूनही धूर येत असेल, तर सीलच आधी बदला.

कार्ब्युरेटरच्या ८०० ला तीन सिलिंडर, म्हणजे सहाच सील. ते बदलायला हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायची गरज नाही. पिस्टन अगदी वर आणून, गाडी गियरमध्ये टाकून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवली की व्हॉल्व्ह खाली पडत नाही. मिस्त्रीला हे आवर्जून सांगा.

आपल्याकडे रिंगांचा खरा शत्रू धूळ. पांदण रस्त्याने रोजची ये-जा असेल तर एअर फिल्टर आठवड्याला काढून आतून बाहेर हवा मारा. फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या नळीला चीर गेली असेल तर चिकटपट्टी लावू नका, नळी बदला.

उन्हाळ्यात २० डब्ल्यू ५० हे दाट ऑईल टाकलं तर झिजलेलं इंजिन थोडं कमी खातं. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑईल मात्र फुकट मिळतं म्हणून कधीच टाकू नका. त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो. रिंगांवर भागलं असतं, तिथे बेअरिंगही जातात आणि क्रँकचं काम निघतं.

– एक वाचक, बीड